पाणथळीतील लाकडी अभ्यागत केंद्राविषयी : नियोजन समित्यांना खुले पत्र

प्रति,
पाणथळ निसर्ग उद्यानांच्या नियोजन समित्यांचे सन्माननीय सदस्य
आणि त्यांनी नेमलेले वास्तुरचनाकार यांस,

सप्रेम नमस्कार.

आपल्यापैकी अनेकांच्या टेबलावर सध्या एक चित्र असेल. संथ पाणी, काठाने डोलणारे पाणकणीस, मागे विरळ धुके आणि पाण्यावर अलगद टेकल्यासारखी एक बैठी लाकडी इमारत. तिच्या लांबलचक काचेच्या भिंतीआड उभे राहून अभ्यागत पक्षी पाहत आहेत. चित्राखाली ‘शाश्वत लाकडी अभ्यागत केंद्र’ असे शब्द असतील. या चित्राला मंजुरी देण्यापूर्वी आपण माझे म्हणणे ऐकून घ्यावे, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे. लाकडी बांधकामांची तपासणी करणे, कुजलेले भाग उघडून पाहणे आणि ते का कुजले याचा अहवाल देणे हे माझे काम आहे. पाणथळीजवळ बांधायचेच असेल तर लाकडात बांधावे, असे माझे ठाम मत आहे. तरीही त्या चित्रातील जवळजवळ प्रत्येक गोष्टीची मला काळजी वाटते : इमारत पाण्यावर का आहे, तिचे लाकडी खांब पाण्यात का उतरले आहेत, छपराला वळचण का नाही आणि एवढी काच कशासाठी.

केंद्राची गरजच नाही, असे मी म्हणत नाही. २ फेब्रुवारी १९७१ रोजी इराणमधील रामसर येथे पाणथळ जागांविषयीचा करार झाला. त्याच कराराच्या सचिवालयाने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, ज्या नैसर्गिक पाणथळींची आकडेवारी उपलब्ध आहे त्यांच्या क्षेत्रात १९७० ते २०१५ या काळात सुमारे ३५ टक्के घट झाली. जी जागा लोकांनी कधी पाहिलीच नाही, तिच्यासाठी बोलायला कोणी उभे राहत नाही. पीटर स्कॉट यांनी १९४६ साली इंग्लंडमधील स्लिमब्रिज येथे पाणपक्ष्यांचे केंद्र सुरू केले आणि सामान्य लोकांना तिथे येऊ दिले, ते याच जाणिवेने. माझा प्रश्न एवढाच आहे की, जे दाखवण्यासाठी इमारत बांधायची त्याचेच नुकसान तिच्या बांधणीने होऊ नये आणि बांधलेली इमारत पंधरा वर्षांत कुजून पुन्हा बांधावी लागू नये, यासाठी कोणते निर्णय आराखड्याआधी घ्यावे लागतात.

आधी लाकूड आणि पाणी यांच्या नात्याविषयी लिहितो, कारण बहुतेक चुका तिथेच होतात. लाकूड पाण्याने कुजते हा समज अर्धाच खरा आहे. लाकूड कुजवते ती बुरशी, आणि तिला ओलावा व हवा दोन्ही लागतात. लाकडातील पाण्याचे प्रमाण त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे २० टक्क्यांखाली राहिले तर बुरशीची वाढ होत नाही. उलट लाकूड कायमचे पाण्याखाली बुडालेले असेल तर तिथे प्राणवायूच जवळजवळ नसतो आणि कुजण्याची क्रिया अतिशय मंदावते. आल्प्स पर्वताच्या परिसरातील सरोवरांच्या आणि दलदलींच्या काठी सापडलेल्या प्रागैतिहासिक वस्त्यांचे लाकडी खांब इसवी सनापूर्वी सुमारे ५००० ते ५०० या काळातले आहेत. त्यांपैकी १११ स्थळांचा समावेश युनेस्कोने २०११ मध्ये जागतिक वारसा यादीत केला. अ‍ॅमस्टरडॅमचा राजवाडा सतराव्या शतकात ज्या १३,६५९ लाकडी पाइलवर, म्हणजे जमिनीत खोल ठोकलेल्या आधारखांबांवर, उभारला, ते भूजलाच्या पातळीखाली आहेत म्हणून टिकले. त्याच देशात जिथे भूजलाची पातळी खाली गेली, तिथे मात्र पाइलची डोकी उघडी पडली आणि शतकानुशतके शाबूत असलेले लाकूड काही दशकांत कुजून घरे खचली.

नुकसान होते ते या दोन अवस्थांच्या मधल्या पट्ट्यात. जिथे पाणी रोज किंवा ऋतूनुसार वर-खाली होते आणि लाकूड आलटून पालटून भिजते व अर्धवट सुकते, तिथे बुरशीला हवे ते सर्व एकत्र मिळते. तपासणीला गेल्यावर मी प्रथम वाकून खांबाचा हाच पट्टा टोकणीने टोचून पाहतो, आणि बहुतेक वेळा अहवालाचा निष्कर्ष तिथेच ठरतो. पाणथळीचे वैशिष्ट्यच हे आहे की तिची पातळी स्थिर नसते. त्या चढउतारावरच तिच्यातील वनस्पतींचे आणि पक्ष्यांचे जीवन उभे असते. त्यामुळे ज्या जागी लाकडाचा खांब पाण्यात उतरवायचा नाही, अशी जागा कोणती असेल तर ती हीच.

नॉर्वेमधील लाकडी स्तंभचर्च या बाबतीत मला नेहमी आठवतात. सुरुवातीच्या चर्चचे खांब थेट जमिनीत पुरलेले होते आणि ती सर्व नष्ट झाली. पुढच्या पिढ्यांतील सुतारांनी दगडांवर आडव्या तुळया टाकल्या आणि त्यांवर खांब उभे केले. बाराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेले बोर्गुंडचे चर्च आजही उभे आहे. देश तोच, हवा तीच, लाकूडही त्याच जातीचे होते. फरक पडला तो लाकूड आणि माती यांच्यामध्ये एक दगड आल्याने. आपल्या केंद्राच्या प्रत्येक खांबाच्या पायाशी असा एखादा ‘दगड’ आहे का, हा प्रश्न आपण वास्तुरचनाकाराला पहिल्याच बैठकीत विचारावा, अशी माझी विनंती आहे.

आता जागेविषयी. पाणथळीतले केंद्र पाणथळीत असू नये. ते तिच्या काठावर, शक्यतो आधीच बिघडलेल्या जमिनीवर असावे : जुना वाहनतळ, भरावाची जागा, वापरात नसलेली शेती-इमारत. डेन्मार्कमधील रिबेजवळचे वाडन समुद्र केंद्र २०१७ मध्ये नव्या रूपात खुले झाले, तेव्हा वास्तुरचनाकार डॉर्टे मांड्रुप यांनी तिथल्या जुन्या इमारतींचाच विस्तार केला आणि छपरासह भिंतीही बोरूच्या गवताने शाकारल्या. खुद्द ओल्या जमिनीत फक्त हलक्या पायवाटा आणि एखाददुसरी निरीक्षणाची आडोशाची जागा न्यावी. लोकांना पाण्याच्या अगदी जवळ नेण्याची इच्छा मी समजू शकतो, पण तीनशे माणसांची वर्दळ, स्वच्छतागृहे, उपाहारगृह आणि मालवाहू गाड्या यांना पाण्याजवळ असण्याचे काही कारण नाही.

पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांची जमीन असेल तर अधिकच जपावे लागते. पीटने पृथ्वीच्या भूभागाचा केवळ सुमारे ३ टक्के भाग व्यापला आहे, तरी जगातील सर्व वनांच्या झाडझाडोऱ्यात मिळून आहे त्याहून अधिक कार्बन या थरांत साठलेला आहे. पायासाठी चर खणून पाणी उपसले की थर कोरडा पडतो, त्यात हवा शिरते, साठलेला कार्बन वायूरूपाने बाहेर पडू लागतो आणि जमीन खचत जाते. लाकडी इमारतीने साठवलेल्या कार्बनचा हिशेब अभिमानाने फलकावर लिहायचा आणि तिच्या पायाखाली त्याहून जास्त मोकळा करायचा, असे घडू नये. एक घनमीटर सुक्या मऊ लाकडाचे वजन सुमारे ४५० किलो धरले तर त्यातील निम्मा भाग कार्बन असतो, म्हणजे झाडाने हवेतून घेतलेला सुमारे ८०० किलो कार्बन डायऑक्साइड त्यात बांधलेला असतो. ही रक्कम मोठी आहे. परंतु ती ठेव आहे. ज्या जंगलातून लाकूड आले तिथे नवे झाड वाढले आणि इमारत तेवढा काळ टिकली तरच ती ठेव राहते. म्हणून लाकडाच्या उगमाचे खात्रीलायक प्रमाणपत्र आणि इमारतीचे आयुष्य या दोन गोष्टी कार्बनच्या हिशेबात एकत्रच मांडल्या पाहिजेत. आराखड्यांसोबत येणाऱ्या तक्त्यांत पहिली असते, दुसरी क्वचितच सापडते.

पायासाठी मी पोलादी स्क्रू पाइल, म्हणजे स्क्रूसारखे पाते असलेला आधारखांब, सुचवेन. आयर्लंडचे अंध अभियंते अलेक्झांडर मिचेल यांनी १८३३ मध्ये त्याचे पेटंट घेतले, आणि वाळू व चिखलात दीपगृहे उभारण्यासाठी तो वापरला गेला; इतकी जुनी आणि जागेला इतकी चपखल युक्ती आपण अनेकदा विसरतो. असा पाइल छोट्या यंत्राने फिरवून जमिनीत बसवता येतो, खणावे लागत नाही, पाणी उपसावे लागत नाही आणि केंद्राचे आयुष्य संपल्यावर तो उलटा फिरवून काढताही येतो. काँक्रीट ओतताना त्याच्या धुवणाचा सामू (pH) १२ च्या आसपास, म्हणजे तीव्र अल्कधर्मी असतो आणि ते साचलेल्या पाण्यात गेले तर मासे व बेडूक मरतात. पाणथळीत ती जोखीम टाळता येत असेल तर टाळावीच. आम्लयुक्त पीटमध्ये पोलाद गंजते, त्यासाठी जस्ताचा थर आणि वाढीव जाडी धरावी लागते, हे खरे आहे. पण गंजण्याचा वेग हिशेबात धरता येतो. पाण्याच्या रेषेवरच्या लाकडाचा भरवसा मी कधीच देऊ शकलो नाही.

मग लाकूड टिकवण्यासाठी रसायन का वापरू नये, असे विचारले जाते. तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचे मिश्रण लाकडात दाबाने भरण्याची पद्धत अनेक दशके जगभर चालली. अमेरिकेत घरगुती वापराच्या लाकडासाठी ती २००३ च्या अखेरीस थांबवण्यात आली आणि युरोपातही त्याच सुमारास कडक निर्बंध आले. आजची मिश्रणे आर्सेनिकविरहित असली तरी बहुतेकांचा आधार तांबेच आहे, आणि तांबे पाण्यात झिरपल्यावर सूक्ष्म जलचरांना व माशांच्या पिलांना अतिशय कमी प्रमाणातही घातक ठरते. ज्या पाण्यातले जीवन दाखवायला लोकांना बोलवायचे, त्याच पाण्यावर असे लाकूड पसरू नये. याला दोन पर्याय आहेत. एक म्हणजे मुळातच टिकाऊ जातीचे लाकूड, पण त्यातही खोडाच्या गाभ्याचेच. सालीलगतचे फिकट लाकूड कोणत्याही जातीचे असो, ते टिकाऊ नसते, आणि लवकर वाढवून तोडलेल्या लागवडीच्या झाडांत त्याचे प्रमाण जास्त असते. दुसरा पर्याय म्हणजे लाकडाचा स्वभावच बदलणारी प्रक्रिया : सुमारे १८० ते २१५ अंश सेल्सियस तापमानाला भाजलेले लाकूड किंवा अ‍ॅसिटिलीकरण केलेले, म्हणजे अ‍ॅसिटिक अ‍ॅनहायड्राइड या रसायनाची प्रक्रिया केलेले लाकूड, जे पाणी फारच कमी शोषते. भाजलेल्या लाकडाची ताकद घटते, म्हणून ते भिंतीच्या आवरणाला वापरावे, तुळईला कदापि नको. पाणी मचूळ किंवा खारे असेल तर जहाजकिड्याचा विचार वेगळा करावा लागतो. या शिंपल्याच्या जातीच्या प्राण्याने १७३० च्या दशकात नेदरलँडमधील समुद्रबांधांचे लाकूड असे पोखरले की तिथल्या लोकांना बांधांची रचनाच बदलून दगड वापरावा लागला.

यापुढचे बहुतेक काम रसायनाने नाही, तर छपराने होते. रुंद वळचण, पागोळ्या भिंतीपासून दूर पडतील असा उतार, जमिनीपासून पुरेसे उंच जोते आणि खालून मोकळा वाहणारा वारा, एवढे असले की साधे लाकूडही पिढ्यान्पिढ्या टिकते. लाकडाचे कापलेले टोक बाजूच्या पृष्ठभागापेक्षा कितीतरी पटींनी अधिक पाणी ओढते, त्यामुळे एकही टोक वरून उघडे राहता कामा नये. भिंतीच्या फळ्यांमागे किमान २० मिलिमीटरची हवेशीर पोकळी असावी. उघडे लाकूड ऊन-पावसाने करडे पडते. सूर्याच्या अतिनील किरणांनी पृष्ठभागावरील लिग्निनचे, म्हणजे लाकडाचे तंतू बांधून ठेवणाऱ्या घटकाचे, विघटन होते आणि पाऊस ते धुऊन नेतो, हा केवळ वरच्या पातळ थराचा बदल आहे. वळचणीखालचा भाग तपकिरी आणि खालचा करडा असा दुरंगीपणा काही वर्षे दिसतो. मला तो शोभून दिसतो. आपल्याला आवडत नसेल तर तसे आधीच सांगावे, नंतर घाबरून लावलेले चकचकीत वार्निश सोलून निघते आणि ओलावा आत कोंडते.

आडव्या-उभ्या थरांनी चिकटवलेल्या जाड लाकडी फलकांची, म्हणजे क्रॉस-लॅमिनेटेड टिंबरची सध्या फार चलती आहे आणि उंच इमारतींत ती योग्यही आहे. परंतु ओल्या जमिनीवरच्या बैठ्या इमारतीच्या तळमजल्याला मी ते सुचवणार नाही. स्नानगृहातील किंवा छपरातील बारीक गळतीचे पाणी थरांमध्ये शिरले की ते बाहेरून दिसत नाही आणि खालून दमट हवा असल्याने सुकतही नाही. त्याऐवजी तुळया आणि फळ्यांची साधी चौकट असावी. त्यातील एक तुळई खराब झाली तर बोल्ट काढून तेवढीच बदलता येते. आगीच्या भीतीने कोणी लाकडाला विरोध केला तर त्यांना सांगावे की जाड तुळई आगीत मिनिटाला सुमारे ०.७ मिलिमीटर या हिशेबाने कोळसत जाते आणि आतला गाभा तोवर भार पेलत राहतो. खरा धोका सुक्या गवताला लागणाऱ्या वणव्याचा असतो, आणि त्यासाठी इमारतीभोवती मोकळा पट्टा ठेवावा लागतो.

आता काचेविषयी, कारण या मुद्द्यावर समितीच्या बैठकीत सहसा कोणी बोलत नाही. काचेत आकाश आणि गवत जसेच्या तसे दिसते, आणि पक्षी त्या प्रतिमेत उडत शिरतात. पक्षी पाहण्यासाठी बांधलेल्या इमारतीच्या पायरीशी मेलेला पक्षी सापडावा, याहून क्लेशदायक दृश्य मी कोणत्याही तपासणीत पाहिलेले नाही. त्यावर उपाय माहीत आहेत : काचेच्या बाहेरच्या पृष्ठभागावर ठिपक्यांची किंवा रेषांची नक्षी असावी आणि दोन खुणांमधले अंतर सुमारे ५ सेंटिमीटरहून जास्त नसावे, समोरासमोर किंवा कोपऱ्यात अशा काचा नसाव्यात की आरपार पलीकडचे पाणी दिसेल. एखाद-दुसरे शिकारी पक्ष्याचे चित्र चिकटवल्याने काहीही साधत नाही.

काचेचा दुसरा बळी त्याहून लहान आहे. पाण्याच्या पृष्ठभागावरून परावर्तित झालेला प्रकाश आडव्या दिशेने ध्रुवित असतो, म्हणजे त्याच्या लहरी मुख्यतः आडव्या दिशेनेच कंप पावतात, आणि मेफ्लाय, चतुर यांसारखे ज्यांची पिले पाण्यात वाढतात असे अनेक कीटक या ध्रुवित प्रकाशावरूनच पाणी ओळखतात. गडद काच, काळे गुळगुळीत फलक आणि सौर पॅनेल यांवरून येणारा प्रकाश पाण्यापेक्षाही अधिक ध्रुवित असू शकतो, म्हणून हे कीटक तिथे अंडी घालतात आणि ती अंडी वाळून जातात. हंगेरीतील गाबोर होर्वात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे सविस्तर दाखवून दिले आहे. सौर पॅनेलवर पांढऱ्या रेषांची जाळी आखली तर कीटकांचे आकर्षण बरेच कमी होते, हेही त्यांनीच दाखवले. खडबडीत, फिकट, करडे पडलेले लाकूड मात्र प्रकाश विखुरते आणि कीटकांची अशी दिशाभूल करत नाही. लाकडाच्या बाजूने कार्बनचा युक्तिवाद आपण रोज ऐकतो. पाणथळीपुरता मला हा दुसरा युक्तिवाद तितकाच मोलाचा वाटतो. रात्री दिवे बंद असावेत, आणि जे लागतीलच ते मंद, उबदार रंगाचे व खाली तोंड असलेले असावेत, हे याच ओघात सांगतो.

बांधकामाचा हंगाम विणीच्या काळाबाहेरचा असावा आणि इमारतीचे भाग कारखान्यात तयार करून जागेवर फक्त जोडावेत. लाकडाचा हलकेपणा इथे सर्वाधिक उपयोगी पडतो. सांडपाणी उद्यानाच्या पाण्यात सोडण्याऐवजी वेगळ्या, तळ बंद केलेल्या वाफ्यात वनस्पतींच्या मुळांमधून गाळता येते. जर्मनीतील केथे झायडेल यांनी १९५० च्या दशकात सुरू केलेल्या प्रयोगांतून ही पद्धत वाढली, आणि अभ्यागतांना ती पाहायलाही आवडते.

शेवटी देखभालीविषयी. एका उद्यानातील पक्षीनिरीक्षण मनोरा तपासण्यासाठी मला बोलावले होते. लाकूड उत्तम होते, गाभ्याचे होते, वळचणही पुरेशी होती. खांबांचे पाय पोलादी पेल्यांत बसवले होते. संकल्पना अगदी योग्य, लाकूड जमिनीपासून उचललेले. परंतु पेल्यांना तळाशी निचऱ्याचे भोक नव्हते. वाऱ्याबरोबर आलेले पावसाचे पाणी त्यांत साचत राहिले आणि नऊ वर्षांत चारही खांबांचे पाय भुसभुशीत झाले. मनोरा पाडावा लागला. तिथल्या रखवालदाराने दुसऱ्याच वर्षी पेल्यांत पाणी साचते असे सांगितले होते, पण ते कोणाला सांगायचे आणि त्यावर खर्च कोण करणार, हे कुठेच ठरलेले नव्हते. एक बोटभर रुंदीचे भोक पाडायला त्याला दहा मिनिटे लागली असती.

म्हणून माझी विनंती आहे की स्पर्धेची किंवा निविदेची कागदपत्रे काढण्याआधी जागेवरील पाण्याच्या पातळीची किमान एका पूर्ण वर्षाची नोंद घ्यावी आणि ती प्रत्येक वास्तुरचनाकाराला द्यावी. लाकडी भाग कायम कोरडा राहील किंवा मुळात पाण्यात उतरणारच नाही, ही अट लेखी असावी. प्रत्येक खांबाचा पाय आणि प्रत्येक सांधा हाताने चाचपता येईल इतकी जागा तळाखाली असावी, देखभालीचा वार्षिक निधी बांधकामाच्या मंजुरीसोबतच मंजूर व्हावा, आणि आराखडे निवडणाऱ्या मंडळात उद्यानाची रोजची देखभाल पाहणाऱ्या कर्मचाऱ्यांपैकी एकाला मतासह स्थान असावे. आराखड्यांतील लाकडाचे तपशील तपासून द्यायला मी विनामोबदला तयार आहे. छेदचित्रे आणि खांबांच्या पायांचे तपशील तेवढे आधी पाठवावेत, रंगीत चित्र नंतर पाहिले तरी चालेल.

आपला विश्वासू,
लाकडी बांधकामांची तपासणी करणारा एक अभियंता